बोनेट दबतंय की कॅमेरा हलतोय?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे बसून माझी अर्धी हयात घोडबंदर रोडवर गेली. माजिवड्याच्या सिग्नलला नवशिक्याने ब्रेकवर पाय आपटला की बोनेट खाली जातं आणि गाडी थांबताच टुणकन वर येतं. ऐरोलीला भाच्याच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा रेसिंग गेम खेळलो, तर उलटाच कारभार. बोनेट जागच्या जागी, आणि ब्रेक दाबला की रस्ता-आकाश सगळं वर सरकतंय! दहा मिनिटांत मळमळायला लागलं. भाचा म्हणाला, "मामा, वय झालं." वय कसलं, कॅमेरा!

समोर बोनेट दिसणाऱ्या त्या व्ह्यूमध्ये कॅमेरा गाडीच्या बॉडीला पक्का ठोकलेला असतो. नाक खाली गेलं की तोही खाली बघतो. खऱ्या गाडीत मान आणि डोळे तो झोक आपसूक सांभाळतात, म्हणून रस्ता स्थिर दिसतो आणि डॅशबोर्डवरचा गणपती खाली जाताना दिसतो. गेममध्ये तसंच दिसायला हवं.

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या रेसिंग गेममध्ये 'लॉक टू होरायझन' (कॅमेरा गाडीऐवजी क्षितिजाला धरून ठेवणारी सेटिंग) वाढवत न्या. एफ-वनच्या गेममध्ये 'कॅमेरा शेक' आणि 'कॅमेरा मूव्हमेंट' मिळतील. शेक मी सरळ शून्यावर ठेवतो, त्यातून काही कळत नाही. होरायझन मात्र पूर्ण लॉक करत नाही. खुर्चीत बसून छातीला पट्ट्याचा दाब लागत नाही ना, मग थोडी हालचाल डोळ्यांना तरी दिसू दे.

फिल्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दृश्य दिसतं ते, स्क्रीनच्या अंतराप्रमाणे लावा. मी ६० सेंटिमीटरवर बसतो. हिशेब नीट जमला तर नाक १ अंश दबल्यावर स्क्रीनवर साधारण १ सेंटिमीटर फरक पडतो. व्ह्यू उगाच रुंद ठेवला की तो फरक बारीक होऊन हरवतो.

मागून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात फसगत होते. ब्रेक दाबला की गाडी आपल्या अंगावर आल्यासारखी वाटते. तो कॅमेऱ्याचा खेळ. खात्री करायची तर रिप्ले बाजूने बघा. पुढच्या चाकाची आणि मडगार्डची फट कमी झाली तरच बॉडी खरंच दबली.

आता मुख्य गोष्ट. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर. १ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने, ब्रेक लागला तर २४० किलो भार मागून पुढे येतो. स्प्रिंग कडक असली तर बोनेट कमी दबेल, पण भार तेवढाच सरकतो. म्हणून कडक स्प्रिंगच्या जीटी३ रेस कारवर शिकू नका, मऊ स्प्रिंगची साधी रोड कार घ्या.

इटलीच्या मोन्झा ट्रॅकवर सरळ रस्ता संपून पहिली शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) येते, तिथे सराव करा. आधी जोरात ब्रेक, मग स्टिअरिंग वळवत वळवत पाय हलका. नजर बोनेटच्या कडेवर. ते सावकाश वर आलं तर पुढच्या टायरवर भार टिकतो आणि गाडी वळते. पाय झटकन सोडलात तर बोनेट उसळतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. माझ्या नवशिक्यांना मी हेच सांगतो, फक्त तिथे वेग वीसचा असतो आणि पुढे टीएमटीची बस.