वार वर सरकली तरी रक्तवाहिन्यांची खात्री करून घ्या : बाळंतपणाआधीची तयारी

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी, म्हणजे १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान बाळाचे अवयव आणि वाढ पाहण्यासाठी केली जाणारी अनॉमली सोनोग्राफी, हे या तयारीतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि त्या दिवशी दवाखान्यात जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. वार, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोहोचवणारी प्लासेंटा, नेमकी कोठे आहे आणि तिची खालची कड गर्भाशयाच्या तोंडापासून किती अंतरावर आहे, हा पहिला. नाळ वारेच्या मधल्या भागात जोडलेली आहे, अगदी कडेला आहे, की वारेपर्यंत न पोहोचता पाणमोटीच्या पडद्यातच संपते आहे, हा दुसरा. गर्भाशयाच्या तोंडावरून किंवा त्याच्या जवळून बाळाची एखादी रक्तवाहिनी जाते आहे काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर अहवालात सहसा लिहिलेले असते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे नसली तर ती मागून घ्यावीत आणि अहवालात लिहून द्यायला सांगावीत. सोनोग्राफीच्या खोलीत काही विचारले तर डॉक्टरांचा गैरसमज होईल, अशी धास्ती आपल्याकडे अनेक घरांत असते. १९९४ च्या कायद्याने बाळाचे लिंग विचारणे आणि सांगणे यांना बंदी आहे. वार, नाळ आणि रक्तवाहिन्या यांविषयी विचारायला कोणतीही आडकाठी नाही.

तिसरा प्रश्न ज्या अवस्थेचा आहे, तिला व्हासा प्रीव्हिया म्हणतात. एरवी बाळाच्या रक्तवाहिन्या नाळेतील दाट, बुळबुळीत थराच्या आत जपलेल्या असतात. व्हासा प्रीव्हियामध्ये त्या नाळेच्या बाहेर, नुसत्या पडद्याच्या आधाराने, गर्भाशयाच्या तोंडावर किंवा तोंडालगत पसरलेल्या असतात. पाणमोट फुटली की पडद्याबरोबर त्याही फाटू शकतात, आणि तेव्हा जे रक्त जाते ते आईचे नसून बाळाचे असते. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर असते. आईचा रक्तदाब व्यवस्थित, नाडी व्यवस्थित, लुगड्यावर थोडेसेच रक्त, आणि तरीही बाळ काही मिनिटांत हाती न लागण्याची वेळ येऊ शकते. आईला दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून घरातील माणसे आणि कधीकधी दवाखान्यातील माणसेही निर्धास्त राहतात, आणि या आजाराचा खरा घातकीपणा इथेच आहे. साधारण अडीच हजार गर्भारपणांत एकदा आढळणारी ही अवस्था आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५५ गर्भारपणांच्या एका अभ्यासात, ज्यांचे निदान बाळंतपणाआधी झाले होते त्यांची ९७ टक्के बाळे वाचली. ज्यांचे झाले नव्हते त्यांची केवळ ४४ टक्के. एका तपासणीने एवढा फरक पडत असेल, तर ती तपासणी झाली की नाही हे प्रत्येक घराने विचारलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

काही गर्भवतींच्या बाबतीत ही खात्री अधिक काटेकोरपणे करावी लागते. पाचव्या महिन्यात वार खाली असणे, नाळ पडद्यात जोडलेली असणे, वारेचे दोन भाग असणे किंवा मुख्य वारेपासून दूर एक लहानसा तुकडा असणे, जुळे असणे, आणि गर्भधारणा टेस्ट ट्यूब पद्धतीने झालेली असणे, यांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर योनीमार्गातून केली जाणारी सोनोग्राफी कलर डॉपलरसह, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या तंत्रासह, करून घ्यावी. आतून सोनोग्राफी म्हटले की बायका कचरतात, आणि वार खाली असताना तर तिच्यामुळे रक्तस्राव होईल असेही सांगितले जाते. तज्ज्ञांच्या हातून ती सुरक्षित असते, आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा अंतर नेमके दाखवते. सोबत सासूबाईंना, नणंदेला किंवा आशाताईंना खोलीत थांबू देण्याची विनंती करता येते.

आता ज्या ठिकाणी चौकशी बहुधा थांबते, त्याविषयी. पाचव्या महिन्यात वार खाली असलेल्या बहुतेक बायकांमध्ये गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी वार तोंडापासून दूर होते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर ‘वार वर सरकली’ असे सांगतात. घरात आनंद होतो आणि विषय मिटतो. परंतु वार वर गेली तरी तिच्या खालच्या कडेच्या रक्तवाहिन्या कधीकधी पडद्यावर तशाच मागे राहतात, आणि ज्यांची वार आधी खाली होती त्यांना व्हासा प्रीव्हियाचा धोका अधिक असण्याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी होईल तेव्हा ‘वार वर गेली का’ एवढ्यावर न थांबता ‘तोंडावर रक्तवाहिनी नाही, हे डॉपलरने पाहिले का’ असेही विचारावे. उलट बाजूनेही ही फेरतपासणी उपयोगी आहे, कारण पाचव्या महिन्यात दिसलेली व्हासा प्रीव्हिया काही जणींत पुढे तोंडापासून दूर गेलेली आढळते, आणि मग वेळेआधीचे सिझेरियन टळते.

याच घराण्यातले आणखी तीन आजार ओळखून ठेवावेत. वारेने गर्भाशयाचे तोंड झाकलेले असेल तर ती प्लासेंटा प्रीव्हिया. कड तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर खाली असलेली वार. यात दुखल्याशिवाय लालभडक रक्त जाते, कधी एकदा जाऊन थांबते आणि पुन्हा जोराने येते. थांबले म्हणून घरी बसून राहणे हे इथे सर्वांत धोक्याचे ठरते. दुसऱ्यात, म्हणजे वार वेळेआधी सुटण्यात, पोट दगडासारखे कडक होते, सतत दुखते, रक्त काळपट असते आणि पुष्कळदा आतच साठते, त्यामुळे बाहेर थोडे दिसले तरी आई गंभीर असू शकते. रक्तदाब वाढलेल्या आणि पोटाला मार लागलेल्या बायकांनी याची विशेष काळजी घ्यावी. तिसरा आजार आधीच्या सिझेरियनशी निगडित आहे. जुन्या टाक्यांच्या जागी वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसू शकते, आणि बाळंतपणात ती सुटत नाही. वार तोंडावर असून आधी एक सिझेरियन झालेले असेल तर हा धोका शंभरात सुमारे ११, आणि दोन झालेली असतील तर सुमारे ४० असतो. अशा वेळी गर्भाशय काढण्याचीही पाळी येऊ शकते, म्हणून पहिल्या सिझेरियनचे कागद, ते कितीही जुने असले तरी, शोधून फाईलला लावावेत.

मराठवाड्यात या सगळ्या तयारीला एक वेगळी अडचण आहे. गर्भवती एका जागी राहत नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत वारेचे आजार डोके वर काढतात. सोनोग्राफी लातूरला झालेली, नाव परभणीच्या दवाखान्यात नोंदवलेले आणि माहेर किनवटकडचे, असे असेल तर रात्री दोनला रक्त जाऊ लागल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांना काहीही ठाऊक नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची स्थिती आणखी बिकट असते. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना भागांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, आणि कित्येकींचा पाचवा ते आठवा महिना कोपीवरच, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीतच, जातो. म्हणून निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सर्व अहवाल आणि रक्तगटाचा कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती गर्भवतीने स्वतःजवळ ठेवावी. ट्रंकेत किंवा सासरच्या कपाटात नको. प्रत्येक कागदाचा फोटो नवऱ्याच्या, भावाच्या आणि आशाताईंच्या मोबाइलवर असावा. कार्डाच्या पहिल्या पानावर ‘वार खाली आहे’ किंवा ‘व्हासा प्रीव्हिया आहे, आतून तपासू नये’ असे डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. वार तोंडावर किंवा रक्तवाहिन्या समोर असताना बोटांनी केलेली तपासणी किंवा मुद्दाम फोडलेली पाणमोट घात करू शकते. ज्या गर्भवतीची वार खाली आहे तिला त्या वर्षी कोयता घेऊन फडात पाठवू नये. उचल घेतलेली असते, मुकादमाचा तगादा असतो, हे सगळे खरे असले तरी माझे मत यात बदलणार नाही.

बाळंतपण कोठे करायचे, हे आठव्या महिन्यापूर्वी ठरलेले असावे. व्हासा प्रीव्हिया किंवा प्लासेंटा प्रीव्हियाचे निदान झाले असेल तर चोवीस तास सिझेरियन, भूल देणारे डॉक्टर, रक्तपेढी आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्ष एकाच ठिकाणी असलेले रुग्णालय निवडावे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. त्यांपैकी जे जवळ असेल तेथे एकदा तरी बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवून यावे, म्हणजे ऐनवेळी अनोळखी म्हणून जावे लागत नाही. किनवट-माहूर भागातून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि अशा गावच्या गर्भवतीने अखेरचे काही आठवडे शहरातील नातेवाइकांकडे राहावे किंवा डॉक्टर सांगतील तर दाखल व्हावे. व्हासा प्रीव्हियात ३० ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान दाखल होण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने देतात आणि कळा सुरू होण्यापूर्वीच, साधारण ३४ ते ३७ आठवड्यांत, ठरवून सिझेरियन करतात. बाळ थोडे लवकर जन्मेल, काचेत ठेवावे लागेल, याची मनाची तयारी घरातील सर्वांनी आधी करावी, कारण ‘नऊ महिने भरू द्या’ असा आग्रह या आजारात बाळाच्या जिवावर बेततो.

रक्ताची तयारी दोन प्रकारची आहे. एक अंगातली. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तस्राव सोसण्याची ताकद कमी होते, म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात, चहासोबत घेऊ नयेत, आणि गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देण्याविषयी विचारावे. दुसरी बाहेरची. गर्भवतीचा रक्तगट कार्डावर हवा, आणि रक्त देऊ शकतील अशा तीन-चार धडधाकट माणसांशी आधी बोलून ठेवावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्त गेल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागते, हे डॉक्टरांना आठवण करून द्यावे. खर्चाचे थोडक्यात सांगायचे तर, २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून तपासणी होते.

अंगावरून रक्त जाऊ लागले, थेंबभर का असेना, किंवा पाणी गेले, तर १०८ ला फोन करावा. गाडीला उशीर होणार असेल तर गावातल्या ज्या जीपवाल्याशी आधी बोलून ठेवले आहे त्याला उठवावे. मोटारसायकलवर बसवून नेऊ नये. आतमध्ये कापूस किंवा कापड कोंबू नये. बाहेरून पॅड लावून तो सोबत न्यावा, म्हणजे रक्त किती आणि कोणत्या रंगाचे, हे डॉक्टरांना पाहता येते. सिझेरियनची शक्यता असल्याने वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. रुग्णालयाच्या दारातच पहिले वाक्य स्पष्ट बोलावे: ‘वार खाली आहे’ किंवा ‘व्हासा प्रीव्हिया आहे, हा अहवाल’, आणि बाळाचे ठोके लगेच पाहण्याची विनंती करावी. हे बोलणार कोण, तेही घरी ठरवून ठेवावे, कारण गडबडीत प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने सांगितले असेल.

बाळंतपण झाल्यावर डिस्चार्ज कार्डावर सिझेरियनचे कारण, वार कोठे होती, नाळ कशी जोडलेली होती आणि किती रक्त द्यावे लागले, हे लिहिलेले आहे ना, ते रुग्णालय सोडण्यापूर्वीच वाचून पाहावे आणि नसेल तर लिहून घ्यावे. पुढच्या खेपेला दिवस गेले की पहिल्याच तपासणीत हे कार्ड दाखवायचे आहे.