धरणाचा प्रस्ताव तपासताना

प्रस्ताव हातात आला की भिंतीची उंची मी नंतर बघतो, आधी पावसाच्या नोंदी काढतो. निदान ३० वर्षांच्या तरी हव्यात. एक चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी; पण त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं, झाडं पितात. उरतो तो येवा, म्हणजे धरणात वाहून येणारं पाणी. तोही वाईट वर्षातला धरा, सरासरीवर आखलेलं धरण दुष्काळात दगा देतं. त्यातून बाष्पीभवन आणि गाळासाठीचा मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, वापरता न येणारं पाणी, वजा करा. मग मागणी मांडा, आणि जुन्या नळांची गळती थांबवून किती भागतं तेही. हा हिशेब नसलेला प्रस्ताव मी परत पाठवतो.

पैशांचं म्हणाल, तर जागतिक धरण आयोगाला २००० साली मोठ्या धरणांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ५६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. तेवढी वाढ धरूनही पाणीपट्टीतून कर्ज फिटतं का, ते बघा. हप्ते पाणी सुरू झाल्यावरच लागू व्हावेत.

पुनर्वसनाचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा आणि आधी खर्च करा. एका कामावर तो शेवटी ठेवला होता. घळभरणी झाली, म्हणजे नदीपात्रातली भिंतीची शेवटची फट बुजवली, पाणी चढू लागलं, आणि माणसं अजून जुन्याच घरांत होती.