जिओकॅशिंगसाठी स्वस्त जीपीएस घेताय? आधी या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून जीपीएस यंत्राने शोधण्याचा खेळ. यंत्र सांगतंय, डबा तीन मीटरवर आहे. दगड उलटून झाले, झाडाच्या ढोलीत टॉर्च मारून झाला, तरी हाती काही लागत नाही. अशा वेळी बरोबरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "स्वस्तातलं यंत्र घेतलं की असंच होणार." नवख्या मंडळींसोबत डबे शोधत फिरताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. यंत्र स्वस्त होतं म्हणून डबा हुकला, असं क्वचित होतं. नको त्या गोष्टीत काटकसर केली, किंवा चांगल्या यंत्रातली एखादी सेटिंग उलटी राहिली, म्हणून हुकलेले डबे मात्र मी पुष्कळ पाहिलेत.

जास्त पैसे मोजले की जास्त अचूक, असं समजणं

मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे तुमची जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ही भेसळ बंद झाली आणि लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. जिओकॅशिंग सुरू झालं ते तिथून. तेव्हा हौशी लोकांच्या हातात असायचे ते उपग्रहांचे सिग्नल पकडणारे साधे रिसीव्हर, आणि त्यांच्यावरही डबे सापडत होते. आजच्या सर्वांत स्वस्त नव्या यंत्रातला रिसीव्हर त्यांच्याहून कितीतरी संवेदनशील असतो. मोकळ्या आभाळाखाली तो तुम्हाला साधारण तीन ते पाच मीटरच्या आत आणून सोडतो.

महागातली यंत्रं दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेतात. उंच कड्यांच्या कुशीत किंवा इमारतींच्या गर्दीत, जिथे सिग्नल आपटून फिरून येतो, तिथे त्याचा खरंच उपयोग होतो. पण एक गोष्ट विसरू नका. डबा लपवणाऱ्याने जे आकडे नोंदवले, त्यांतही चूक असतेच. त्याची पाच मीटरची आणि तुमची पाच मीटरची चूक विरुद्ध दिशांना गेली, तर तुम्ही डब्यापासून दहा मीटरवर उभे असता आणि पडदा बिनदिक्कत शून्य दाखवतो. तुम्ही कितीही खर्च केलात तरी समोरच्याच्या वाट्याची चूक तेवढीच राहते. पडद्यावर "अचूकता ३ मीटर" असं दिसतं तोही यंत्राचा अंदाज असतो, हमी नसते.

होकायंत्रात पैसे वाचवणं

काटकसर नडते ती इथे. किंमत उतरवताना कंपन्या बऱ्याचदा इलेक्ट्रॉनिक होकायंत्र काढून टाकतात. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स मालिकेतल्या यंत्रांतच पाहा: ईट्रेक्स १० आणि २२एक्समध्ये ते नाही, ३२एक्समध्ये आहे. गंमत म्हणजे २०२३ मध्ये आलेल्या ईट्रेक्स एसईचा पडदा कृष्णधवल आहे, त्यात नकाशेही नाहीत, पण होकायंत्र आहे. रंगीत पडदा पाहून भुललेला माणूस नेमकी हीच गोष्ट विचारायची विसरतो.

होकायंत्र नसलेल्या यंत्राला तुमचं तोंड कुठे आहे हे कळत नाही. तुम्ही चालत असाल तर मागच्या आणि पुढच्या जागेवरून ते दिशा काढतं. थांबलात की तो आधार जातो, आणि बाण मनाला येईल तसा फिरू लागतो. शेवटच्या दहा पावलांत माणूस सारखा थांबतो, वाकतो, वळतो. नेमका तिथेच हा बाण कुचकामी ठरतो.

असं यंत्र आधीच घेतलं असेल तर ते बदलायची गरज नाही, चालण्याची पद्धत बदला. डबा वीस-पंचवीस मीटरवर राहिला की मागे या आणि बाणाच्या रोखाने नेहमीच्या वेगाने सरळ चाला. बाण स्थिर झाला की त्या रेषेत पुढे कुठला दगड किंवा झाड येतंय ते लक्षात ठेवा. मग बाजूला जाऊन दुसऱ्या दिशेने तसंच चालत या. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात, शोध तिथून सुरू करा. पडद्यावरच्या अंतराच्या आकड्यावर भरवसा ठेवा, थांबल्यावरच्या बाणावर ठेवू नका. खिशात साधं चुंबकीय होकायंत्र असेल तर आणखी सोपं: यंत्रावरचा दिशेचा अंशांतला आकडा वाचा आणि होकायंत्रावर तेवढे अंश धरा. फक्त यंत्राच्या सेटिंगमध्ये उत्तर दिशा "चुंबकीय" निवडलेली असू द्या.

होकायंत्र असलेल्यांची चूक वेगळी. ते जुळवून घ्यावं लागतं, म्हणजे कॅलिब्रेट करावं लागतं, आणि सेल बदलले की पुन्हा. ते गाडीत बसून किंवा लोखंडी कठड्याला टेकून करू नका. मोबाइल त्याच हातात धरला तरी सुई बिघडते. जुन्या दोन-अक्षी होकायंत्राचं यंत्र तळहातावर आडवं धरावं लागतं, तिरपं धरलं की दिशा चुकते. तीन-अक्षी असेल तर ही अडचण येत नाही.

आकडे चुकीच्या साच्यात भरणं

हातातल्या यंत्राबद्दलच्या तक्रारींपैकी माझ्या अनुभवात सर्वाधिक तक्रारी इथे येऊन संपतात. जिओकॅशिंगचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. त्या पहिल्या बादलीचंच अक्षांश घ्या: उत्तर ४५° १७.४६०'. दशांश चिन्हानंतरचे ४६० म्हणजे मिनिटाचे भाग आहेत, सेकंद नव्हेत. कुणी ते १७ मिनिटं ४६ सेकंद असं वाचलं तर तो जवळपास ५७० मीटर उत्तरेला जाऊन पोचेल, कारण १७.४६० मिनिटं म्हणजे खरं तर १७ मिनिटं २७.६ सेकंद. आणि कुणी तेच ४५.१७४६० असं दशांश अंशांत भरलं, तर तो सुमारे १३ किलोमीटर दक्षिणेला जाईल. शेवटच्या अंकाची किंमतही ध्यानात ठेवा: अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे साधारण १.८५ मीटर. तेव्हा "शेवटचा अंक राहिला तर काय होतंय" असं म्हणू नका. तो राहिला तर चूक सोळा-सतरा मीटरपर्यंत जाऊ शकते.

साचा तपासताना त्याच पानावर नकाशाचा डेटम पाहा. तो डब्ल्यूजीएस ८४ च हवा. पृथ्वीच्या आकाराचं कुठलं गणित धरून आकडे मोजायचे, हे डेटम ठरवतो. वेगवेगळ्या देशांचे जुने डेटम आजही यंत्राच्या यादीत असतात. जपानच्या जुन्या टोकियो डेटममध्ये हा फरक ४०० मीटरच्या वर जातो. मी एकदा एक वापरलेलं यंत्र घेतलं होतं. लागोपाठ तीन डबे सापडले नाहीत, तेव्हा वैताग आला. मग एका ओळखीच्या, आधी सापडलेल्या डब्यापाशी जाऊन पाहिलं, तर यंत्र तो बराच लांब दाखवत होतं. आणखी दोन ठिकाणी पाहिलं, तर चूक दरवेळी त्याच दिशेला आणि जवळपास तेवढ्याच अंतराची. आधीच्या मालकाने कुठल्याशा जुन्या कागदी नकाशासाठी डेटम बदलून ठेवला होता. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: चूक दरवेळी वेगळी असेल तर सिग्नलकडे पाहा, दरवेळी सारखीच असेल तर सेटिंगकडे.

जुनं यंत्र डोळे झाकून घेणं

वापरलेलं यंत्र घेणं वाईट नाही, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली गोष्ट जोडणीची. अगदी जुन्या यंत्रांना यूएसबी नव्हतं, खास सिरियल केबल लागायची. ती आता मिळवणं हाच एक शोध होऊन बसतो. केबल नाही म्हणजे प्रत्येक डब्याचे आकडे बटणं दाबून हाताने भरायचे, आणि चुका तिथूनच शिरतात. दुसरी गोष्ट, डब्यांची माहिती ज्यात मिळते ती जीपीएक्स (.gpx) फाइल यंत्र नीट वाचतं का? वाचत असेल तर डब्याचं वर्णन, शोधायला मदत करणारी सूचना (हिंट) आणि आधीच्या लोकांच्या नोंदी यंत्रातच दिसतात. एलओसी (.loc) प्रकारची जी दुसरी फाइल मिळते, तिच्यात जेमतेम नाव आणि जागा असते. तिसरी गोष्ट तारखेची. जीपीएसचे उपग्रह मूळ सिग्नलमध्ये आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत पाठवतात (त्यात ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात), म्हणून तो दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. शेवटचं असं ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झालं. ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर अद्ययावत नाही, त्यांतली काही तेव्हापासून साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर येत असेल तर डबा सापडेल, पण फिरलेल्या वाटेच्या नोंदींवर चुकीची तारीख पडेल. विकणाऱ्यासमोर यंत्र मोकळ्यावर सुरू करा आणि तारीख वाचा. एवढ्यानेच बरंच कळतं.

आधीच भरलेल्या नकाशांसाठी जास्त पैसे देणं

मेमरी कार्डाची खाच असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावरून बनवलेले नकाशे फुकट मिळतात. कार्ड मात्र यंत्राला चालेल अशाच पद्धतीने, बहुधा फॅट३२ (FAT32) या प्रकारात, फॉरमॅट करा. "कार्ड वाचत नाही" या तक्रारीचं कारण अनेकदा तेवढंच असतं. स्पर्शाचा पडदा आणि कॅमेरा यांसाठीही जास्त पैसे देऊ नका: स्पर्शाचा पडदा पावसात आणि हातमोज्यांत त्रास देतो. कॅमेरा तुमच्या मोबाइलमध्ये आहेच. आणि नकाशे टाकल्यावर "लॉक ऑन रोड" ही सोय बंद करा. ती गाडीसाठी आहे. ती चालू राहिली तर तुम्ही झाडीत असलात तरी यंत्र तुम्हाला ओढून जवळच्या रस्त्यावर दाखवतं.

सेलचा विचार शेवटी करणं

बाजारात सहज मिळणारे एए आकाराचे पेन्सिल सेल चालणारं यंत्र घ्या. ईट्रेक्स २२एक्स दोन सेलवर २५ तास चालतं असं कंपनी सांगते. रिचार्जेबल सेल घालणार असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला. त्यांचा व्होल्टेज १.२ असतो आणि अल्कलाइनचा १.५, त्यामुळे प्रकार चुकीचा राहिला तर भरलेले सेलही संपत आल्यासारखे दिसतात. महिनोन्‌महिने यंत्र वापरणार नसाल तर अल्कलाइन सेल काढून ठेवा. ते गळले की आतल्या पट्ट्या खराब होतात. पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स७ (IPX7) हा दर्जा म्हणजे यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, पण यूएसबीचं रबरी झाकण नीट बसलेलं असेल तरच.

सुरू केलं आणि लगेच पळालो

यंत्र महिनाभर बंद असेल किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलं असेल, तर उपग्रह कुठे आहेत हे त्याला नव्याने शिकावं लागतं. सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक एकदा प्रसारित व्हायलाच साडेबारा मिनिटं लागतात. गाडीतून उतरल्या उतरल्या ते मोकळ्यावर ठेवा, बूट बांधा, पाणी प्या आणि मग निघा.

नवं असो की जुनं, परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी जरूर करा. मोकळ्या मैदानात, पुन्हा नेमकी सापडेल अशा जागी उभे राहा. एखाद्या खांबाचा पाया किंवा फरशीचा कोपरा चालेल. यंत्र पाच मिनिटं स्थिरावू द्या आणि ती जागा नोंदवा. वेगवेगळ्या वेळी आणखी दोन दिवस तसंच करा. तिन्ही खुणा एकमेकींपासून पाच-सहा मीटरच्या आत पडल्या तर बिनघोर डबे शोधायला निघा. त्या पंधरा-वीस मीटर विखुरल्या असतील तर सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि जीपीएसखेरीज यंत्राला वापरता येतात त्या इतर उपग्रह प्रणालीही चालू आहेत का ते पाहून पुन्हा एक फेरी मारा. तरीही फरक पडला नाही तर यंत्र खोक्यात घाला आणि परत द्या.