वर्गात शांत कोपरा करण्याआधी

शांत कोपरा म्हणजे चिडलेलं किंवा घाबरलेलं मूल थोडा वेळ बसून शांत होईल अशी वर्गातली जागा. ही जागा ठरवायला सकाळी जाऊ नका. दुपारी दोनला जा, जमिनीवर बसा, भिंतीला पाठ टेकवा. आपल्याकडे एप्रिलमध्ये ऊन कसं असतं ते सांगायला नको. पश्चिमेची भिंत आणि वर पत्रा असेल तर तिथे आधीच चिडलेलं मूल आणखी चिडेल. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत घ्या. दाराजवळ नको, खिचडी शिजते त्या बाजूच्या खिडकीखाली तर नकोच. वासही येतो आणि भांड्यांचा आवाजही. कुरकुरणारा पंखा दुरुस्त करा, लुकलुकणारी ट्यूब बदला. चार बाय पाच फूट जागा पुरते. आडोसा तीन फुटांपेक्षा उंच करू नका: बसलेल्या मुलाला वर्ग दिसू नये, पण उभ्या बाईंना मूल दिसलंच पाहिजे. कडी-कोयंडा असलेली खोली अजिबात नको.

आता सराव. सामान घेण्याआधी सरावाच्या तारखा लिहून ठेवा, कारण नेमकं हेच राहून जातं. कोपरा छान सजतो आणि पहिलं मूल तिथे रडत-ओरडत नेलं जातं. रागाने किंवा भीतीने भरलेल्या मुलाला नवीन सूचना कळत नाही, आणि बाकीची मुलं त्या जागेला शिक्षेची जागा समजून बसतात. मग तिकडे कुणी पाऊल टाकत नाही. म्हणून पहिला आठवडाभर परिपाठानंतर, सगळे शांत असताना, वर्गातल्या प्रत्येक मुलाने दोन-दोन मिनिटं तिथे बसायचं. ज्याला गरज नाही त्यानेसुद्धा. आधी बाईंनी करून दाखवायचं: ‘मला राग आला’ असं सांगणारं चित्राचं कार्ड दाखवा, वाळूचं घड्याळ उलटं करा, एकच वस्तू घ्या, बसा, वस्तू जागेवर ठेवा, परत या. क्रम रोज तोच.

बसायला कापसाची गादी आणि धुण्यासाठी दोन खोळी. फोमवर घाम येतो.

शांत व्हायला मांडीवर ठेवायची वजनाची पिशवी घरी शिवता येते. वीस किलोच्या मुलाला एक किलो पुरे. धुऊन वाळवलेली वाळू आधी जाड प्लास्टिकमध्ये, मग दुहेरी शिलाईच्या मांजरपाटात. ज्वारी-हरभरा भरू नका. कीड लागते, मागोमाग उंदीर येतात. पिशवी मुलाला स्वतः बाजूला करता आली पाहिजे. तोंडावर, गळ्यावर कधीच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी काढा. आणि हो, पिशवीचाही सराव. अचानक मांडीवर वजन आलं की काही मुलं घाबरतात.

चमकीच्या बाटलीत (हलवून चमकी हळूहळू खाली बसताना बघायची) पारदर्शक गोंदच घाला, पांढऱ्याने पाणी गढूळ होतं. गोंद कोमट पाण्यात आधी विरघळवा, बोटभर जागा रिकामी सोडा, झाकण एम-सीलने बंद करा. काचेची बाटली नको. हाताला वेगवेगळं लागावं म्हणून पुठ्ठ्यावर गोणपाट, मखमल, सरकी काढलेला कापूस चिकटवा. चिंचोके, मणी ठेवू नका, नाकात-कानात जातात. आवाज सोसत नाही अशा मुलासाठी हार्डवेअरच्या दुकानातले कानावरचे इअरमफ चालतात. अगरबत्ती, अत्तर, चमचमणारे दिवे बाद. फिट येणाऱ्या काही मुलांना लुकलुकता उजेड धोक्याचा असतो.

कार्डांवर चित्र मोठं आणि शब्द घरचे. ‘मला राग आला’ यापेक्षा ‘माले राग उना’ हे अहिराणी बोलणाऱ्या मुलाला लगेच आपलं वाटतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली-पावरी शब्द पालकांनाच विचारा, अंदाजाने लिहू नका. कार्ड दाखवायचा सराव झाला नसेल तर ते भिंतीवरचं नुसतं चित्र आहे.

नियम थोडे. एका वेळी एकच मूल. ओढून न्यायचं नाही. ‘मस्ती केलीस, जा कोपऱ्यात’ हे वाक्य त्या वर्गात कुणी उच्चारायचं नाही, मुख्याध्यापकांनीसुद्धा. तिथे बसलेल्या मुलाला प्रश्न विचारू नका, समजावणं नंतर.

खोळी आठवड्याला धुवा. पावसाळ्यात गादी भिंतीपासून लांब, ओल धरते. वहीत तारीख, वेळ, आधी काय घडलं एवढंच लिहा. रोज तीच वेळ दिसली तर त्या तासाला काय होतं ते बघा आणि विशेष शिक्षकांना वही दाखवा. बदली शिक्षकांसाठी अर्धं पान चिकटवून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सराव पुन्हा. ऊसतोडीहून परतलेली मुलं मधूनच येतात, त्यांचा सराव ती आली त्याच आठवड्यात घ्या.