पहिला सुती कुर्ता शिवताय? या चुका टाळा

आणलेलं सुती कापड न भिजवता त्याच संध्याकाळी कापायला घेणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक. मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, ओढून धरलेला असतो. पाणी लागलं की तो ताण सुटतो, म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. साध्या सुती कापडाचं 3 ते 5 टक्के आटणं नेहमीचंच. 42 इंची कुर्त्यात 4 टक्के धरले तरी जवळजवळ पावणेदोन इंच गेले.

आमच्या शेजारच्या मुलीने गणपतीसाठी दादरच्या हिंदमाता बाजारातून ठशांच्या छपाईचं सुंदर कापड आणलं. "काकू, परवा गणपती, आता भिजवत कुठे बसू?" कुर्ता बसलाही छान, लालबागला दर्शनाला तोच घालून गेली. पहिल्या धुण्यात कुर्ता आटला. अस्तर टेरिकॉटचं, ते आटलं नाही. खालून बोटभर बाहेर लोंबायला लागलं. खालची दुमड उसवून लांबी वाढवावी, तर तिथे माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, अर्धाच इंच. शेवटी दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली. इतक्या मेहनतीचा कुर्ता असा ठिगळासारखा झालेला पाहून मला फार वाईट वाटलं.

म्हणून कापड पाव मीटर जास्तच घ्या. मी ते रात्रभर बादलीत भिजवते, न पिळता सावलीत वाळत घालते आणि किंचित ओलसर असताना इस्त्री फिरवते. सुती अस्तरही भिजवते; गडद रंग मात्र वेगळ्या बादलीत. मुंबईच्या पावसाळ्यात कापड दोन दोन दिवस दमट राहतं. राहू द्या, घाई करू नका.

दुसरी चूक मशीनवरची. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की नवशिके बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळायला लागतात. तो इवलासा स्क्रू निघून फरशीवर पडला की शोधताना जीव जातो, आणि मुळात दोष तिथे नसतोच. खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. कापड दाबणारा फूट खाली असताना दोरा ओवला, तर दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही आणि सैल सुटतो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. एवढ्याने भागलं नाही तर सुई बदला. साध्या सुतीला 14 नंबर. टाके सुटत असतील तर सुई उलटी बसली आहे का, तेही बघा.

गादीवर कापड कापू नका. घर लहान असलं तरी जमिनीवर जागा करा. मी कापडाची किनार फरशीच्या रेघेला लावते. उभा धागा सरळ राहतो आणि कुर्ता अंगावर पिळत नाही.

कापडाची कात्री कागदाला लावायची नाही. घरात कोणालाही द्यायची नाही.

बाजूच्या शिलाईला इंचभर माया ठेवा. अर्ध्या इंचात कापड वाचतं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, कुर्ता दोन वर्षांनीही मोकळा करता आला पाहिजे.

दहा मिनिटांत कुर्ता शिवून दाखवणारे व्हिडिओ मला आवडत नाहीत, कारण त्यांत इस्त्री दिसतच नाही. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री हवी. नाहीतर शिलाई फुगलेली राहते आणि पुढचं माप चुकतं.

गळा आधी लहानच कापा. कडेची माया आत वळली की तो आणखी मोठा होतो, आणि एकदा गेलेलं कापड परत येत नाही. उरेब पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, लावल्यावर, ती उलटवण्याआधी, गोलाईला छोट्या चिरा द्या. टिपेच्या दोन धागे अलीकडे कात्री थांबली पाहिजे.