विंडोज ७ च्या सर्व्हिसेस बंद करताय? या चुका टाळा

दोन जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज ७ असा संगणक अजूनही कित्येक दुकानांत, डीटीपी सेंटरांवर आणि घरांत रोज राबतो. तो मंदावला की हात सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या विंडोजच्या छोट्या प्रोग्रामांच्या, यादीकडे जातो. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ उघडायचे आणि कुठून तरी मिळालेल्या यादीबरहुकूम वीस-तीस सर्व्हिसेस डिसेबल्ड (पूर्ण बंद) करून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी आवाज गेलेला असतो, प्रिंटर दिसत नाही, आणि वेग मात्र होता तेवढाच राहतो. कारण साधे आहे: काम नसलेली सर्व्हिस प्रोसेसर जवळपास वापरतच नाही आणि रॅमही फारशी अडवत नाही. मंदपणा सहसा एखाद-दुसऱ्याच सर्व्हिसमुळे येतो. ती शोधायला हवी.

दोषी न शोधताच कात्री चालवणे

टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसी होस्ट’ नावाच्या दहा-बारा प्रोसेस दिसतात. त्यातली एक पन्नास टक्के प्रोसेसर खात असली तरी तिच्या पोटात अनेक सर्व्हिसेस असतात, त्यामुळे नेमके नाव कळत नाही. त्यासाठी विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडा. सीपीयू टॅबमध्ये ‘सर्व्हिसेस’चा वेगळा भाग आहे, तिथल्या ‘ॲव्हरेज सीपीयू’ या मथळ्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त राबणारी सर्व्हिस वर येते. पाच-दहा मिनिटे नजर ठेवा. संगणक सुरू झाल्या झाल्या दिसणारे आकडे धरू नका. ‘डिलेड स्टार्ट’च्या सर्व्हिसेस साधारण दोन मिनिटांनी जाग्या होतात.

विंडोज ७ वर इथे बहुतेक वेळा विंडोज अपडेटचे नाव निघते. नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर ती अपडेट शोधत तासन्‌तास प्रोसेसरचा एक कोअर (गाभा) पूर्ण अडवते आणि रॅमही भरपूर खाते. यावर मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६ मध्ये केबी ३१७२६०५ हे अपडेट दिले. त्याआधी केबी ३०२०३६९ बसवावे लागते. बसवताना नेहमी होणारी चूक म्हणजे विंडोज अपडेट सर्व्हिस डिसेबल्ड ठेवणे. मग ०x८००७०४२२ ही एरर येते. तिच्या शेवटचे षोडशमान पद्धतीतले ४२२ म्हणजे आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत १०५८, आणि या क्रमांकाचा अर्थ ‘सर्व्हिस डिसेबल्ड आहे’. योग्य क्रम असा: कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नेव्हर चेक फॉर अपडेट्स’ निवडा, संगणक रीस्टार्ट करा, सर्व्हिस मॅन्युअलवर ठेवा आणि मग अपडेटची फाईल चालवा.

मॅन्युअल पुरेसे असताना डिसेबल्ड करणे

मॅन्युअल म्हणजे ‘आपण हाताने सुरू केली तरच’ असा अर्थ पुष्कळ जण घेतात. तसे नाही. एखाद्या प्रोग्रामला किंवा दुसऱ्या सर्व्हिसला गरज पडली की विंडोज मॅन्युअल सर्व्हिस आपोआप उठवते, आणि विंडोज ७ मध्ये काही सर्व्हिसेस एखादे उपकरण जोडल्यावरही जाग्या होतात. एरवी त्या शून्य खर्चात पडून असतात. म्हणून विंडोज इन्स्टॉलर, व्हॉल्यूम शॅडो कॉपी आणि विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर डिसेबल्ड करून काहीच वाचत नाही. पहिली बंद केली की पुष्कळसे नवे सॉफ्टवेअर बसत नाही, दुसरी बंद केली की रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास मागच्या स्थितीत जाण्यासाठीची नोंद) तयार होत नाही, आणि तिसरीमुळे ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ची खिडकी रिकामी दिसते.

नावावरून अंदाज बांधणे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ‘मल्टिमीडिया क्लास शेड्युलर’ हे नाव वाचून ‘आपण कुठे व्हिडिओ बघतो’ असे वाटते. पण विंडोज ७ मध्ये विंडोज ऑडिओ याच सर्व्हिसवर उभी असते. ही डिसेबल्ड झाली की ऑडिओ सुरू होत नाही, १०६८ ही एरर येते आणि लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. १०६८ चा अर्थ ‘जिच्यावर ही अवलंबून आहे ती सुरू झाली नाही’ एवढाच आहे. सर्व्हिसवर डबल क्लिक करून ‘डिपेन्डन्सीज’ टॅबची वरची यादी बघा आणि तिथले प्रत्येक नाव तपासा. खालच्या यादीत तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हिसेस असतात. बंद करण्याआधी ती वाचायची.

‘बेस फिल्टरिंग इंजिन’ बंद केले की फायरवॉल उठत नाही. ‘नेटवर्क लिस्ट’ किंवा ‘नेटवर्क लोकेशन अवेअरनेस’ बंद केली की इंटरनेट चालू असतानाही घड्याळाशेजारच्या चिन्हावर लाल फुली येते. प्रिंटर नाही म्हणून प्रिंट स्पूलर बंद करणे ठीक आहे, पण पीडीएफ बनवणारी सॉफ्टवेअरही बहुधा प्रिंटर म्हणूनच बसतात, तीही थांबतील. शेकडो मराठी फॉन्ट असलेल्या डीटीपीच्या संगणकावर ‘विंडोज फॉन्ट कॅश’ला हात लावू नये.

सुपरफेच, म्हणजे नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सर्व्हिस, वेगळे. फिरत्या डिस्कवर ते बंद केले की सुरुवातीची खडखड कमी होते, पण रोजचे प्रोग्राम उघडायला उशीर लागतो. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) पुरेशी वेगवान आढळली तर विंडोज ७ ते स्वतःच थांबवते. जुनी डिस्क क्लोन करून (जशीच्या तशी नकलून) एसएसडी लावली असेल तर विंडोज एक्सपिरियन्स इंडेक्स ही संगणकाला गुण देणारी चाचणी पुन्हा चालवा, म्हणजे नवी डिस्क मोजली जाते.

नोंद न ठेवता एका दमात सगळे बदलणे

आधी रिस्टोअर पॉइंट करा. मग सर्व्हिसेसच्या खिडकीतल्या ‘ॲक्शन’ मेन्यूतून ‘एक्स्पोर्ट लिस्ट’ निवडा. सगळ्या सर्व्हिसेसची सध्याची स्थिती टेक्स्ट फाईलमध्ये जाते. एका वेळी दोन-तीनच बदल, मग रीस्टार्ट, मग प्रिंट, आवाज आणि नेट तपासणे.

कमांडने काम करणाऱ्यांची चूक बारीक असते. ‘एससी कॉन्फिग स्पूलर स्टार्ट= ऑटो’ यात बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडावीच लागते आणि चिन्हाआधी सोडायची नसते. पॉवरशेलमध्ये ‘एससी’ हे वेगळ्याच कमांडचे लघुरूप आहे, तिथे ‘एससी डॉट एक्झी’ असे पूर्ण लिहा.

एमएसकॉन्फिगमध्ये थेट ‘डिसेबल ऑल’ दाबणे

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत ‘सर्व्हिसेस’ टॅबवर आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा. उरलेल्या यादीतच खरी बचत असते: ब्राउझर आणि पीडीएफ सॉफ्टवेअरचे अपडेटर, प्रिंटर कंपन्यांचे मदतनीस, काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचे अवशेष. मात्र डोंगलवर (संगणकाला जोडायची लायसन्सची किल्ली) चालणारे सॉफ्टवेअर असेल तर डोंगलची लायसन्स सर्व्हिस ओळखून चालू ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर उघडणारच नाही.

वेगासाठी नव्हे, पण सुरक्षेसाठी एक सर्व्हिस बंद करावी असे आमचे ठाम मत आहे: ‘सर्व्हर’. विंडोज ७ ला सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० नंतर मिळत नाहीत. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस फाईल शेअरिंगच्या वाटेनेच पसरला होता. या संगणकावरचे फोल्डर किंवा प्रिंटर दुसऱ्या संगणकांना द्यायचे नसतील तर ही वाट उघडी ठेवू नका. फायरवॉल मात्र कधीही बंद करू नये.

संगणक उठतच नसेल तर

एफ८ दाबून ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ निवडा, पण बदलानंतर एकदा लॉगइन झाले असेल तर याचा उपयोग नाही. मग सेफ मोडमध्ये जाऊन सर्व्हिस पूर्ववत करा. तेही जमत नसेल तर विंडोजच्या डीव्हीडीवरून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्ट आणि त्यातून रेजएडिट (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, म्हणजे रजिस्ट्री, बदलण्याचे साधन) उघडा. रजिस्ट्रीतली एचकेएलएम ही शाखा निवडून ‘लोड हाइव्ह’ या पर्यायाने विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या फोल्डरातली ‘सिस्टम’ ही फाईल जोडा. इथे विंडोजचा ड्राइव्ह बहुधा सी नसून डी असतो. ‘करंट कंट्रोल सेट’ इथे दिसत नाही. ‘सिलेक्ट’मध्ये ‘करंट’ची किंमत १ असेल तर ‘कंट्रोल सेट ००१’मध्ये जा. ‘सर्व्हिसेस’खाली हव्या त्या सर्व्हिसचा ‘स्टार्ट’ बदला: २ म्हणजे ऑटोमॅटिक, ३ मॅन्युअल, ४ डिसेबल्ड. याच यादीत हार्ड डिस्कचे ड्रायव्हरही ० आणि १ असे आकडे घेऊन बसलेले असतात, त्यांना हात लावू नका. शेवटी ‘अनलोड हाइव्ह’ करून संगणक रीस्टार्ट करा.