नवरा-बायकोचं निम्मं-निम्मं: गोव्यात आयकर रिटर्न भरताना या चुका टाळा

मागच्या जुलैत ऑफिसात एक जोडपं आलं. नवऱ्याच्या हातात आयकर खात्याचं पत्र, बायकोची पर्स मांडीवर घट्ट धरलेली. दुकान नवऱ्याच्या नावावर, मुदत ठेवीही त्याच्याच. वहिनी म्हणाल्या, "मी घरी असते, माझं कसलं आलंय उत्पन्न? ह्यांच्या कागदांत माझा पॅन कशाला?" मी म्हटलं, "वहिनी, दुकानाच्या नफ्यातला अर्धा वाटा कायद्यानंच तुमचा आहे." त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. चोवीस वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गोव्यात लग्न करताना वेगळा करार केला नसेल, तर पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. आयकर कायद्यानं हे मान्य केलं ते कलम ५ए मध्ये. हे कलम १९९४ साली आलं, पण लागू केलं थेट १ एप्रिल १९६३ पासून. (कलमाच्या मजकुरात संहितेचं साल १८६० छापलंय. संहिता १८६७ ची. कागदपत्रांत दोन्ही सालं दिसली तर गोंधळू नका.) पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज, दोघांत समान वाटायचं आणि प्रत्येकानं आपापल्या वाट्यावर कर भरायचा. १ एप्रिल २०२६ पासून आलेल्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद आहे.

याचा फायदा किती, ते आकड्यांतच बघा. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये दुकानाचा नफा १८ लाख, बायकोला दुसरं उत्पन्न नाही. सगळा नफा नवऱ्याच्या नावे दाखवला तर नव्या करप्रणालीत सेससकट कर होतो १,६६,४०० रुपये. तोच नफा ९-९ लाख वाटला तर १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे दोघांचाही कर शून्य. हे हक्काचे पैसे आहेत, आणि दरवर्षी कितीतरी घरं ते नुसत्या अज्ञानापायी सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं.

पहिली चूक फॉर्मची

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सोपा म्हणून लोक सहज (आयटीआर-१) किंवा सुगम (आयटीआर-४) भरतात. या दोन्ही फॉर्मांत शेड्यूल ५ए, म्हणजे जोडीदारांतल्या वाटणीचा तक्ता नाहीच, त्यामुळे वाटणी दाखवायला जागाच उरत नाही. तुम्हाला आयटीआर-२ लागेल, धंदा असेल तर आयटीआर-३. अंदाजे नफ्याच्या योजनेत (उलाढालीच्या ठराविक टक्क्यावर नफा धरतात ती) असलेल्या दुकानदारानंही सुगमचा मोह टाळावा. फॉर्मच्या सुरुवातीलाच प्रश्न असतो, तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का? तिथे "होय" करायचं आणि शेड्यूल ५ए मध्ये जोडीदाराचं नाव, पॅन, प्रत्येक प्रकारचं एकूण उत्पन्न, त्यातला जोडीदाराचा वाटा, कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) आणि त्यातलाही वाटा लिहायचा. टीडीएसचे रकाने लोक रिकामे ठेवतात, आणि पुढची भानगड तिथूनच सुरू होते.

टीडीएस एकाच्याच खात्यात

बँक ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापते तो ज्याच्या नावावर ठेव आहे त्याच्या पॅनवर. म्हणून नवऱ्याच्या २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या टीडीएसच्या उताऱ्यात अख्खं व्याज दिसतं, रिटर्नमध्ये मात्र अर्धंच. खात्याच्या संगणकाला ते कमी वाटतं आणि पत्र येतं. त्या जोडप्याच्या हातात होतं ते हेच पत्र. नवऱ्यानं आपल्या रिटर्नमध्ये व्याज अर्धंच दाखवलं होतं, पण टीडीएस सगळा घेतला होता आणि वहिनींचं रिटर्न भरलंच नव्हतं. व्याज निम्मं तर टीडीएसही निम्मा. बायकोच्या रिटर्नमध्ये टीडीएसच्या तक्त्यात "कलम ५ए नुसार जोडीदार" असा पर्याय निवडून नवऱ्याचा पॅन टाकायचा, म्हणजे तिला तिच्या अर्ध्या भागाचं श्रेय मिळतं. पत्र आलंच तर घाबरून घाईनं पैसे भरू नका. पोर्टलवर "असहमत" निवडा आणि जोडीदाराच्या रिटर्नचा पावती क्रमांक देऊन वाटणी समजावून सांगा.

पगार वाटायचा नाही

पगार ज्यानं मिळवला त्याचाच. नोकरीतून आलेलं पेन्शनही पगारातच मोजतात, तेही वाटायचं नाही. पण भागीदारी फर्ममधून भागीदाराला मिळणारा मोबदला नावाला "पगार" असला तरी कायद्यात तो धंद्याचं उत्पन्न आहे, म्हणून तो वाटायचा. फर्मला ऑडिट लागत असेल आणि कलम ५ए लागू असेल, तर भागीदाराच्या जोडीदारालाही ऑडिटवाल्यांची, म्हणजे ३१ ऑक्टोबरची मुदत मिळते. हे ठाऊक नसल्यानं अनेक घरांत बायकोचं रिटर्न जुलैत कच्च्या आकड्यांवर भरून टाकतात आणि मग दुरुस्त करत बसतात.

दरवर्षी गणित मांडून "यंदा वाटणी परवडते, पुढल्या वर्षी नको" असं करणारेही भेटतात. ही वाटणी ऐच्छिक नाही. बायकोचा पगार मोठा असेल तर नवऱ्याच्या भाड्याचा अर्धा भाग तिच्याकडे आल्यावर एकत्र कर वाढूही शकतो. तरी वाटावंच लागतं.

हे कुणाला लागू नाही

कोल्हापूर-सावंतवाडीहून येऊन पर्वरीत फ्लॅट घेतला, म्हणून कलम ५ए लागू होत नाही. तुमचं लग्न सामाईक मालमत्तेच्या व्यवस्थेखाली येतं का, हे बघायला हवं. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग दुसरी सही करून झालेल्या नोंदणीचा उतारा घरात असतो, तो काढून वाचा. लग्नाआधी नोटरीसमोर विभक्त मालमत्तेचा करार झाला असेल तर वाटणीचा प्रश्नच नाही, आणि तो करार लग्नानंतर बदलताही येत नाही. एक गोव्याचा, दुसरा बाहेरचा आणि लग्नाची नोंद गोव्याबाहेर, असं असेल तर अंदाजानं "होय" करू नका. आधी जाणत्या वकिलाला कागद दाखवा.

जमीन विकताना तर जास्तच सांभाळा. प्लॉट नवऱ्याच्या नावावर असला तरी विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात आणि भांडवली नफा दोघांत वाटला जातो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो दोघांच्या पॅनवर वेगवेगळा भरायला त्याला आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

जोडीदार वारला किंवा घटस्फोट झाला तर वाटणी त्या तारखेपर्यंतचीच. जुन्या रिटर्नची नक्कल करून पुढच्या वर्षीही शेड्यूल ५ए भरलेलं मी पाहिलंय.

चूक झालीच असेल तर

मुदतीत सुधारित रिटर्न भरा, दोघांचंही, एकाच दिवशी, समोरासमोर आकडे ठेवून. मुदत गेली तर अडचण आहे. नंतरच्या अपडेटेड रिटर्नमध्ये कर वाढवता येतो, कमी करता येत नाही आणि परतावाही मागता येत नाही. म्हणजे बायको आपला राहिलेला वाटा दाखवून कर भरू शकते, पण नवऱ्यानं जादा भरलेला कर त्या वाटेनं परत येत नाही.

त्या जोडप्याचं काम वेळेत आलं म्हणून निभावलं. वहिनींच्या रिटर्नला मात्र शेवटच्या पायरीवर अर्धा तास लागला, कारण त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर पुण्यातल्या भाच्याचा होता आणि ओटीपी त्याच्याकडे जात होता. ई-व्हेरिफिकेशन ३० दिवसांत झालं नाही तर रिटर्न भरलं असं धरत नाहीत, आणि मग नवऱ्याच्या रिटर्नमधली वाटणी एकटी पडते. भाचा क्लासमधून बाहेर आला, आकडा कळवला, आणि वहिनींनी तो स्वतः टाइप केला.